दोन मोटारगाड्या आणि चार मापे : अँबॅसडर व पद्मिनी यांच्या तपशिलांचे ऐतिहासिक वाचन

१

राजकीय इतिहासाचा अभ्यासक बखरीतील फौजेचा आकडा जसाच्या तसा स्वीकारीत नाही. तो आकडा कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला, लढवय्यांबरोबर बाजारबुणग्यांचीही गणना त्यात झाली आहे की काय, असे प्रश्न तो प्रथम विचारतो. परंतु हाच अभ्यासक एखाद्या यंत्राच्या तपशीलपत्रकापाशी येतो तेव्हा ही सावधगिरी बहुधा गळून पडते. ‘पन्नास अश्वशक्ती’ असे छापलेले दिसले की तो आकडा निसर्गनियमासारखा स्वयंसिद्ध मानला जातो. वस्तुतः तपशीलपत्रक हाही एक लिखित लेखच होय. त्यालाही लेखक आहे, उद्दिष्ट आहे, परिभाषा आहे आणि त्या परिभाषेला इतिहास आहे.

प्रस्तुत लेखात भारतीय रस्त्यांवर दीर्घकाळ शेजारी शेजारी धावलेल्या दोन मोटारगाड्यांची तुलना करावयाची आहे. एक, हिंदुस्थान मोटर्स या कंपनीची अँबॅसडर. दुसरी, प्रीमियर ऑटोमोबाईल्स या कंपनीची गाडी, जी प्रथम फियाट ११०० म्हणून आणि १९७४ पासून पद्मिनी म्हणून ओळखली गेली. या दोन गाड्यांविषयी दोन मते वारंवार ऐकू येतात. पहिले असे, की या गाड्या मुळातच जुनाट व निकृष्ट होत्या आणि पर्याय नसल्यामुळेच लोकांनी त्या घेतल्या. दुसरे असे, की अँबॅसडर बलदंड व पद्मिनी नाजूक, म्हणून पहिली सरकारदरबारी गेली आणि दुसरी मध्यमवर्गाच्या व टॅक्सीवाल्यांच्या वाट्याला आली. दोन्ही मते तपशीलपत्रकाच्या आधारे मांडली जातात; परंतु ते पत्रक नीट वाचले तर दोहोंनाही त्यातून पुरेसा आधार मिळत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे. त्यातील शब्दांचे अर्थ निश्चित केल्यावाचून आकड्यांची तुलना करता येत नाही, म्हणूनच भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने या विषयात शिरणे अप्रस्तुत ठरू नये.

२

प्रथम दोन्ही गाड्यांची वंशावळ पाहू. हिंदुस्थान मोटर्सची स्थापना १९४२ मध्ये झाली. बिर्ला घराण्याच्या या कंपनीचा आरंभीचा कारखाना गुजरातेतील ओखा बंदरी होता. १९४८ मध्ये तो बंगालमधील उत्तरपाडा येथे, म्हणजे कलकत्त्याच्या निकट, हलविण्यात आला. तिचा तांत्रिक संबंध इंग्लंडच्या मॉरिस कंपनीशी होता. मॉरिसच्या गाड्या येथे हिंदुस्थान टेन, हिंदुस्थान फोर्टीन, लँडमास्टर अशा नावांनी निघाल्या आणि १९५७-५८ च्या सुमारास मॉरिस ऑक्सफर्ड गाडीची तिसरी मालिका अँबॅसडर हे नाव घेऊन अवतरली. इंग्लंडात या मालिकेचे उत्पादन १९५९ मध्ये थांबले. उत्तरपाड्यात त्याच देहाची गाडी २०१४ च्या मे महिन्यापर्यंत तयार होत राहिली.

प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना १९४४ मध्ये सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी केली. कंपनीचा कारखाना मुंबईत कुर्ला येथे होता. प्रारंभी अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीच्या परवान्याने डॉज, प्लिमथ इत्यादी गाड्या येथे जोडल्या जात. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला. १९५३ च्या मार्चमध्ये जिनीव्हाच्या प्रदर्शनात फियाटने आपली नवी ११०० ही गाडी मांडली आणि पुढील वर्षीच ती कुर्ल्यात तयार होऊ लागली. १९६४ च्या सुमारास तिची ११००-डी ही सुधारित आवृत्ती आली. इटलीतील ११००-डी चे उत्पादन १९६६ मध्ये संपले. कुर्ल्यातील गाडी मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत टिकली.

जन्मकाळी या दोन गाड्या परस्परांच्या समकालीन होत्या, आणि आपापल्या देशांत मध्यमवर्गीय कुटुंबाच्या गाड्या म्हणून प्रतिष्ठित होत्या, ही गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. दोहोंचा सांगाडा व कवच एकसंध होते. स्वतंत्र चौकटीवर कवच बसविण्याची जुनी पद्धत दोहोंनी टाकली होती. अँबॅसडरच्या पुढील चाकांना पिळाच्या दांड्यांचे निलंबन होते आणि तिचे स्टिअरिंग रॅक-पिनियन पद्धतीचे होते. अलेक इसिगोनिस या अभियंत्याच्या १९४८ च्या मॉरिस मायनरमध्येही हीच मांडणी आढळते. पद्मिनीच्या पुढील चाकांना गुंडाळी-स्प्रिंगांचे स्वतंत्र निलंबन होते. मागे दोहोंना पाटेच होते. दोहोंचे एंजिन पुढे व चालना मागील चाकांना. दोहोंचा गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली. दोहोंचे मूळचे ब्रेक चारही चाकांना ड्रमचे. १९५५ च्या युरोपात अशी रचना कोणासही मागासलेली वाटली नसती.

३

आता नावांकडे वळू. हिंदुस्थान टेन या नावातील ‘टेन’ म्हणजे काय? दहा ही संख्या कशाची? ही गाडी इंग्लंडातील मॉरिस टेनची प्रतिकृती होती आणि तेथे ‘टेन’ याचा अर्थ ‘दहा अश्वशक्ती’ असा होता. परंतु त्या गाडीचे एंजिन प्रत्यक्षात सुमारे ३७ अश्वशक्ती देत असे. हा विरोधाभास केवळ वरवरचा आहे. नावातील दहा ही संख्या शक्तीची नसून कराची होती.

इंग्लंडात मोटारगाडीवरील कर दीर्घकाळ एका सूत्रानुसार ठरत असे. सिलिंडरच्या व्यासाचा इंचांत वर्ग करावा, त्याला सिलिंडरांच्या संख्येने गुणावे आणि अडीचने भागावे. येणारा आकडा ती गाडीची अश्वशक्ती. १९२१ पासून अशा प्रत्येक अश्वशक्तीमागे एक पौंड वार्षिक कर होता. मॉरिस टेनच्या सिलिंडरचा व्यास ६३.५ मिलिमीटर, म्हणजे बरोबर अडीच इंच होता. सूत्रात घालून पाहिल्यास उत्तर नेमके दहा येते. अर्थात एंजिनाचा व्यास कराच्या पायरीकडे दृष्टी ठेवून निश्चित झाला होता, हे उघड आहे. हिंदुस्थान फोर्टीनची कथाही तशीच. तिच्या सिलिंडरचा व्यास ७३.५ मिलिमीटर होता. सूत्रानुसार साडेतेराच्या जवळपास आकडा येतो आणि त्याचे पूर्णांकात ‘चौदा’ झाले.

या सूत्राची एक मोठी उणीव अशी, की त्यात दट्ट्याच्या धावेला स्थानच नाही. व्यास वाढविला तर कर वाढतो. धाव वाढविली तर वाढत नाही. परिणामी इंग्रज अभियंते अरुंद व लांब सिलिंडरांची एंजिने रचू लागले. हा कर १९४८ मध्ये सर्व नव्या गाड्यांना एकसारखा झाला, परंतु त्याच्या छायेत घडलेली परंपरा लगेच पुसली गेली नाही. अँबॅसडरमध्ये लवकरच बसविण्यात आलेले १,४८९ घनसेंटिमीटरांचे एंजिन पाहावे. त्याचा व्यास ७३ मिलिमीटर आणि धाव ८८.९ मिलिमीटर, म्हणजे साडेतीन इंच. १९४७ मध्ये ऑस्टिन ए-४० या गाडीसाठी तयार झालेल्या १,२०० घनसेंटिमीटरांच्या पूर्वज-एंजिनाची धावही तेवढीच होती. पुढे व्यास तेवढा वाढला. एका रद्द झालेल्या इंग्रजी कराचे शारीर अवशेष अशा रीतीने हुगळीकाठी घडणाऱ्या गाडीत शिल्लक राहिले. भाषेत एखादा प्रत्यय आपले मूळ कार्य संपल्यावरही शब्दाच्या अंगी चिकटून राहतो, त्याची येथे आठवण होते.

इटलीच्या नावांत निराळी परंपरा दिसते. ‘फियाट ११००’ यातील संख्या एंजिनाच्या आकारमानाची आहे: ६८ मिलिमीटर व्यास, ७५ मिलिमीटर धाव, चार सिलिंडर, एकूण १,०८९ घनसेंटिमीटर, पूर्णांकात अकराशे. एका गाडीचे नाव कर सांगते, दुसरीचे नाव आकारमान सांगते. दोन्ही संख्याच, पण त्या एकाच प्रश्नाची उत्तरे नव्हेत.

४

यावरून तुलनेतील मुख्य अडचण स्पष्ट होते. दोन गाड्यांपैकी कोणती किती ‘मोठी’ वा ‘समर्थ’, याचे उत्तर आपण कोणते माप हाती घेतो यावर अवलंबून राहते. चार मापे क्रमाने लावून पाहू.

पहिले माप इंग्रजी कर-अश्वशक्तीचे. अँबॅसडरच्या एंजिनाला सूत्रानुसार सुमारे १३.२ आणि पद्मिनीच्या एंजिनाला सुमारे ११.५ हे आकडे येतात. या मापाने अँबॅसडर पद्मिनीहून पंधरा टक्क्यांनी मोठी ठरते.

दुसरे माप आकारमानाचे. १,४८९ व १,०८९ यांचे गुणोत्तर काढल्यास अँबॅसडर सुमारे सदतीस टक्क्यांनी मोठी ठरते. दोन्ही आकडे एंजिनाच्या त्याच चार नळकांड्यांवरून काढलेले आहेत, आणि तरीही अंतर पंधरावरून सदतीसवर गेले.

तिसरे माप प्रत्यक्ष शक्तीचे, ज्याला ब्रेक-अश्वशक्ती म्हणतात. येथील ‘ब्रेक’ म्हणजे गाडी थांबविण्याचा ब्रेक नव्हे. एंजिनाच्या फिरत्या दांड्याला रोध करून शक्ती मोजणाऱ्या उपकरणाचा तो निर्देश आहे. अँबॅसडरची अशी शक्ती ४,२०० फेऱ्यांना सुमारे ५० आणि पद्मिनीची ४,८०० फेऱ्यांना सुमारे ४० अशी दिली जाते. अंतर पंचवीस टक्के. परंतु अँबॅसडरसाठी ५० प्रमाणे ५५ हाही आकडा छापलेला आढळतो, आणि पद्मिनीसाठी ४० प्रमाणे ४२ हाही आढळतो. असे आकडे शेजारी शेजारी मांडताना शक्ती कशी मोजली हे पाहावे लागते. एंजिन उघडे ठेवून, पंखा, विद्युत्‌जनित्र, धुराडे इत्यादींचा भार वगळून मोजलेली शक्ती ही स्थूल. गाडीत बसविल्याप्रमाणे सर्व साज चढवून मोजलेली ती निव्वळ. अमेरिकेत १९७० नंतरच्या आरंभीच्या वर्षांपर्यंत स्थूल आकडे छापण्याचा प्रघात होता. जर्मनीच्या मानकात निव्वळ आकडा घेत. याखेरीज अश्वशक्तीचे एककही एक नाही. इंग्रजी अश्वशक्ती सुमारे ७४६ वॅटची, तर युरोपखंडातील मेट्रिक अश्वशक्ती सुमारे ७३५.५ वॅटची. हा भेद दीड टक्क्याहून कमी आहे, पण स्थूल व निव्वळ यांतील भेद सहज दहा-पंधरा टक्क्यांचा किंवा त्याहून अधिक असू शकतो; म्हणजे तो आपण मोजू पाहत असलेल्या अंतराच्या निम्म्याएवढा झाला.

चौथे माप शक्ती व भार यांच्या गुणोत्तराचे. अँबॅसडरचे रिकामे वजन सुमारे १,१०० किलोग्रॅम, पद्मिनीचे सुमारे ८९५. पहिलीला प्रत्येक टनामागे सुमारे ४५.५ अश्वशक्ती मिळते, दुसरीला सुमारे ४४.७. अंतर दोन टक्क्यांहूनही कमी. आधीच्या मापांनी पंधरा, सदतीस व पंचवीस टक्क्यांनी निराळ्या ठरलेल्या गाड्या या मापाने जवळजवळ सारख्याच ठरतात.

या चारांपैकी कोणतेही माप खोटे नाही. पहिले करवसुली अधिकाऱ्याच्या कामाचे, दुसरे कारखान्याच्या, तिसरे एंजिन विकणाऱ्याच्या, आणि चौथे गाडी चालविणाऱ्याच्या. तथापि मराठीत पहिल्या व तिसऱ्या मापांना आपण एकच शब्द वापरतो: अश्वशक्ती. मूळ इंग्रजी संज्ञेचा इतिहासही व्यापाराचाच आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस जेम्स वॉट याने वाफेची एंजिने विकताना ती किती घोड्यांचे काम करतील हे गिऱ्हाइकास सांगण्यासाठी मिनिटाला ३३,००० फूट-पौंड हे प्रमाण ठरविले. पुढे त्या घोड्याला कर-खात्याने आपल्या दावणीला बांधले. फ्रान्समध्येही तेच घडले. १९४८ च्या सिट्रोएन टू-सीव्ही गाडीच्या नावात दोनच घोडे आहेत, पण तिचे एंजिन नऊच्या आसपास अश्वशक्ती देई. ते दोन घोडे कराचे होत.

याच संदर्भात एक गणित उद्बोधक आहे. इंग्रजी कर-सूत्रात दट्ट्याचा वेग मिनिटाला १,००० फूट, म्हणजे सुमारे ३०५ मीटर, असा गृहीत धरलेला होता. अँबॅसडरचा दट्ट्या ४,२०० फेऱ्यांना मिनिटाला सुमारे ७४७ मीटर आणि पद्मिनीचा ४,८०० फेऱ्यांना सुमारे ७२० मीटर अंतर कापतो. विसाव्या शतकाच्या आरंभी मांडलेले गृहीतक धातुविद्या व वंगणे यांच्या प्रगतीने अडीचपट मागे टाकले होते. परंतु याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की पद्मिनीच्या फेऱ्या ६०० ने अधिक असूनही तिचा दट्ट्या काहीसा हळूच धावतो. ही आखूड धावेची किमया होय. ‘पद्मिनीचे एंजिन फिरायला हलके, अँबॅसडरचे ओढायला दमदार’ या चालकांच्या बोलीतील निरीक्षणाचा शास्त्रीय आधार बऱ्याच अंशी येथे सापडतो. मोठ्या आकारमानाचे एंजिन कमी फेऱ्यांतही जोराने ओढते. आखूड धावेचे लहान एंजिन फेऱ्या वाढवून आपली उणीव भरून काढते.

५

प्रत्यक्ष रस्त्यावरील कामगिरीचा पुरावा काय सांगतो? येथे साधनांची प्रतवारी लावणे आवश्यक आहे. इंग्लंडच्या ‘द मोटर’ या नियतकालिकाने १९५४ मध्ये मॉरिस ऑक्सफर्डच्या दुसऱ्या मालिकेची चाचणी घेतली. या गाडीचे एंजिन पुढे अँबॅसडरमध्ये आलेल्या १,४८९ घनसेंटिमीटरांच्याच जातीचे होते. चाचणीत कमाल वेग ताशी ७४.२ मैल, म्हणजे ११९ किलोमीटरांहून थोडा अधिक आला. स्थिरावस्थेतून ताशी ६० मैलांचा वेग घेण्यास २८.९ सेकंद लागले. आणि एका गॅलनात गाडी २८.२ मैल चालली, म्हणजे लिटरला सुमारे १० किलोमीटर. दुसऱ्या बाजूस १९५३ च्या फियाट ११०० साठी ३६ अश्वशक्ती आणि ताशी ११६ किलोमीटर कमाल वेग हे आकडे मिळतात. पहिले आकडे तटस्थ परीक्षकाचे, दुसरे उत्पादकाचे. पहिले इंग्लंडातील, दुसरे इटलीतील. आणि दोन्ही भारतीय गाड्यांचे नव्हेत. इतक्या मर्यादा मान्य करूनही एवढे म्हणता येते, की आकारमानात चतुर्थांशाहून लहान असलेले इटालियन एंजिन कमाल वेगाच्या बाबतीत इंग्रजी एंजिनाच्या अगदी निकट पोचले होते. शक्ती व भार यांच्या गुणोत्तरावरून, आणि पद्मिनीच्या अरुंद व ठेंगण्या देहाला हवेचा रोध कमी होत असल्यामुळे, हे अपेक्षितच आहे.

मग दोन गाड्यांच्या वापरात एवढा भेद का पडला? येथे तपशीलपत्रकाचे निराळे रकाने बोलू लागतात. अँबॅसडरची लांबी सुमारे ४.३ मीटर व रुंदी सुमारे १.६६ मीटर, पद्मिनीची लांबी सुमारे ३.९ मीटर व रुंदी १.४६ मीटर. म्हणजे रस्त्यावर पहिली सुमारे सव्वासात चौरस मीटर जागा व्यापते, दुसरी पावणेसहा. हा फरक एका माणसाने मागे पाय पसरून बसावे की तिघांनी दाटीने बसावे, या प्रश्नाचा निकाल लावतो. मंत्री, जिल्हाधिकारी, न्यायाधीश यांची गाडी म्हणून अँबॅसडर का रुजली, याचे कारण शक्तीपेक्षा तिच्या मागील आसनाच्या रुंदीत अधिक आहे.

भाराचाही विचार येथे करावा. पाच माणसे व सामान मिळून ३५० किलोग्रॅमचे ओझे दोन्ही गाड्यांत चढविले, तर पद्मिनीचे एकूण वजन एकोणचाळीस टक्क्यांनी वाढते, अँबॅसडरचे बत्तीस टक्क्यांनी. टनामागील शक्ती आता पहिलीत सुमारे ३२ आणि दुसरीत सुमारे ३४.५ होते. रिकाम्या गाड्यांत जे अंतर दोन टक्क्यांहून कमी होते, ते भरलेल्या गाड्यांत सात टक्क्यांवर जाते. ‘अँबॅसडर बलदंड’ या लोकमतात तथ्य आहे ते एवढेच. गाडी मुळात फार शक्तिमान नव्हती; ओझ्याने ती तुलनेने कमी दबत असे.

टॅक्सीच्या बाबतीत मात्र भूगोल निर्णायक ठरला. कलकत्त्यात पिवळी अँबॅसडर आणि मुंबईत काळी-पिवळी पद्मिनी ही विभागणी दोन शहरांच्या रस्त्यांच्या रुंदीवरून समजावून सांगण्याचा मोह होतो. पण कलकत्त्याच्या जुन्या भागातील गल्ल्या मुंबईतील गल्ल्यांहून प्रशस्त आहेत असे कोण म्हणेल? उत्तरपाडा कलकत्त्यालगत आहे आणि कुर्ला मुंबईत आहे, ही वस्तुस्थिती अधिक बोलकी आहे. कारखाना जवळ असला की सुटे भाग जवळ मिळतात, त्यांचे व्यापारी जवळ असतात, त्या गाडीवर हात बसलेले कारागीर गल्लोगल्ली तयार होतात. टॅक्सीवाल्याला गाडी दिवसभर रस्त्यावर हवी. एका सुट्या भागासाठी चार दिवस थांबणे त्याला परवडत नाही. दिल्लीतही अँबॅसडरच्या टॅक्सी होत्या, त्यामुळे जवळीक हे एकमेव कारण मानता येणार नाही. तरी मुंबईपुरते ते प्रमुख कारण दिसते. मुंबई बेटावर ऑटोरिक्षांना मज्जाव असल्यामुळे तेथील भाड्याच्या वाहतुकीचा सारा भार टॅक्सीवरच पडला, आणि पद्मिनीच्या आटोपशीर देहाचा लाभ तेथे पुरेपूर मिळाला, हेही जोडीला सांगितले पाहिजे.

६

येथवरच्या विवेचनावरून वाचकास वाटेल, की दोन्ही गाड्या आपापल्या परीने समर्थच होत्या. जन्मकाळापुरते ते खरे आहे. परंतु इतिहासाचा खरा प्रश्न येथून पुढे सुरू होतो. कारण तपशीलपत्रकातील सर्वांत महत्त्वाचा आकडा त्यात छापलेलाच नसतो. तो म्हणजे ते पत्रक किती वर्षे बदलले नाही हा.

याची कारणे धोरणात होती. तयार मोटारगाड्यांच्या आयातीवर १९४९ मध्ये बंदी आली. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने आपला अहवाल दिला; ज्यांच्यापाशी देशात भाग तयार करण्याचा कार्यक्रम आहे अशांनाच पुढे राहू द्यावे, असे धोरण त्यानंतर ठरले. केवळ जोडणी करणाऱ्या जनरल मोटर्स व फोर्ड या कंपन्यांनी भारतातील काम आवरते घेतले. जनरल मोटर्सचा मुंबईतील शिवडीचा कारखाना १९२८ पासून चालू होता, तोही बंद झाला. १९५१ च्या औद्योगिक विकास व नियमन कायद्यान्वये कोणी किती उत्पादन करावे यावर परवान्याचे बंधन होतेच. १९६९ मध्ये गाड्यांच्या किमतींवर वैधानिक नियंत्रण आले. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७५ मध्ये ते नियंत्रण उठले. उत्पादन मर्यादित, किंमत बांधलेली, मागणी अधिक आणि गाडीसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून थांबलेले ग्राहक: अशा स्थितीत एंजिनावर नवा खर्च करण्याची निकड उत्पादकास का वाटावी?

उलट बाजूही नमूद करणे न्याय्य होईल. याच धोरणामुळे देशात सुटे भाग बनविणारा मोठा उद्योग उभा राहिला, आणि लोहारकाम, ओतकाम, जोडकाम यांत निपुण असलेली कारागिरांची एक पिढी घडली. संरक्षणाचा दोष संरक्षण दिले यात नसून त्याला मुदत घातली नाही यात शोधावा, असे म्हणावयास हरकत नाही.

या गोठलेल्या काळाची उत्तम साक्ष पुन्हा नावांत मिळते. सामान्यतः वस्तू बदलते, मग नाव बदलते. येथे वस्तू जवळपास तीच राहिली आणि नावे बदलत गेली. अँबॅसडर १९६० नंतरच्या दशकात ‘मार्क दोन’ झाली, १९७५ मध्ये ‘मार्क तीन’, १९७९ मध्ये ‘मार्क चार’, १९९० मध्ये ‘नोव्हा’. पुढची जाळी बदलली, दिवे बदलले, आतील फळी बदलली. एंजिन १,४८९ घनसेंटिमीटरांचेच राहिले. कुर्ल्यातील फियाट ‘सिलेक्ट’, ‘सुपर सिलेक्ट’, ‘डिलाइट’ अशी नावे धारण करीत गेली. फियाटशी करार संपल्यावर १९७२ मध्ये ती ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ मध्ये ‘प्रीमियर पद्मिनी’. ‘टेन’, ‘फोर्टीन’, ‘अकराशे’ ही संख्यावाचक नावे लोपली आणि त्यांच्या जागी राजदूत, राष्ट्राध्यक्ष व चितोडची राणी आली. संख्येचे नाव तुलनेला आमंत्रण देते; पदवीचे नाव ती टाळते. स्पर्धाच नसलेल्या बाजारात संख्येला कामच उरले नव्हते. लोकभाषा मात्र या नामांतरांच्या मागे फारशी गेली नाही. मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी शेवटपर्यंत ‘फियाट’च राहिली, आणि १९५० नंतरच्या दशकातील तिच्या गुबगुबीत पूर्वजेला मिळालेले ‘डुक्कर फियाट’ हे नाव तर कोणत्याही कारखान्याने दिलेले नव्हते.

गोठलेपणाची दुसरी साक्ष आकड्यांची आहे. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० ही गाडी आली. ७९६ घनसेंटिमीटरांचे तीन सिलिंडरांचे एंजिन, सुमारे साडेसहाशे किलोग्रॅम वजन. टनामागील तिची शक्ती पंचावन्नच्या घरात जाते. तीस वर्षे पंचेचाळीसच्या आसपास खिळलेले हे गुणोत्तर पद्मिनीच्या तीन-चतुर्थांशाहूनही लहान एंजिनाने मागे टाकले. अँबॅसडरला स्वतःचे उत्तर १९९० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत सापडले: जपानच्या इसुझू कंपनीचे सुमारे ७५ अश्वशक्तीचे १,८०० घनसेंटिमीटरांचे एंजिन तिच्यात बसविण्यात आले. जुन्याच देहात निम्म्याने अधिक शक्ती सामावली. यावरून देहाची मर्यादा हे एंजिन न बदलण्याचे कारण नव्हते, हे सिद्ध होते. जे १९९० नंतर शक्य झाले, ते १९७० मध्ये करण्यात यंत्रशास्त्राची अडचण नव्हती.

या विलंबाची किंमत कोणी दिली? तपशीलपत्रकात तिचा रकाना नाही. अधिक इंधन जाळणाऱ्या गाडीचा तोटा दररोज सोसणारा टॅक्सीवाला, नोंदणीची पावती जपून वर्षे मोजणारा नोकरदार, हे तिचे देणेकरी होत. पद्मिनीची शेवटची टॅक्सी मुंबईत ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २००३ च्या ऑक्टोबरअखेर नोंदली गेली आणि वीस वर्षांच्या वयोमर्यादेनुसार २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली. त्या वेळी शहरात व्यक्त झालेली हळहळ खरीच होती. परंतु स्मृतिकातर प्रेम हा जसा गुणवत्तेचा पुरावा नव्हे, तसाच उपहास हा निकृष्टतेचा पुरावा नव्हे.

७

या विवेचनाचे निष्कर्ष थोडक्यात असे. पहिला, अँबॅसडर व पद्मिनी या मुळात निकृष्ट गाड्या नव्हत्या. त्यांचे जुनाटपण रचनेत नसून त्या रचनेच्या दीर्घ अपरिवर्तनात आहे. दुसरा, शक्ती व भार यांचा हिशेब केल्यास दोहोंच्या सामर्थ्यात लोकसमजुतीएवढा भेद नव्हता. त्यांच्या वापरातील भेद आसनाची रुंदी, ओझे, कारखान्याची जवळीक व सरकारी पसंती यांनी घडविला. तिसरा, तपशीलपत्रकातील आकडे इंग्लंडचा कर, इटलीची नामपद्धती आणि भारताची परवानापद्धती या तीन इतिहासांचे अवशेष एकत्र बाळगतात.

चौथी गोष्ट निष्कर्षापेक्षा सूचना म्हणून मांडावीशी वाटते. मराठीत तांत्रिक इतिहास लिहिताना ‘अश्वशक्ती’ हा एकच शब्द अनेक अर्थांनी वापरण्याचा प्रघात सोडावा. ‘कर-अश्वशक्ती’, ‘स्थूल अश्वशक्ती’ व ‘निव्वळ अश्वशक्ती’ असा भेद करावा आणि जेथे मूळ साधन मोजणीची रीत सांगत नाही, तेथे तसे स्पष्ट लिहावे. हे शब्द कठीण नाहीत. आपल्या जमाखर्चाच्या वह्यांत स्थूल व निव्वळ यांचा भेद पूर्वीपासून आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी ज्यांना या विषयात रस असेल, त्यांनी छापील पत्रकांबरोबरच कुर्ला-ताडदेव परिसरातील जुन्या कारागिरांची परिभाषाही टिपून ठेवावी. पाटे, दट्ट्या, कमान, गिअरची ओढ यांविषयी ते जे बोलतात, त्यात मोजमापाची एक स्वतंत्र पद्धती आहे. दोन्ही गाड्या आता कारखान्यातून निघत नाहीत. त्या हाताळलेले हात आहेत तोवरच ती परिभाषा ऐकावयास मिळेल.